गणिताची भीती मोजणारा कागद

शाळेत चपराशी म्हणून उभी हयात काढली की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर जमतात. रोज संध्याकाळी झटकायचे, तरी बाहीवर थोडे उरतातच. माझ्या बाहीवर तर इतके उरलेत की बायको म्हणते, "तुमचा शर्ट धुतला तर बादलीत अख्खी शाळा निघते!"

मी आठवी नापास. त्यातही गणितातच. म्हणजे या विषयावर बोलायचा माझा हक्क पक्का आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट भिलाईची. आपलं छत्तीसगढ तेव्हा वेगळं झालं नव्हतं, राज्य भोपाळचं होतं आणि शाळेत फोन नव्हता. टाउनशिपमधली एक प्रायमरी शाळा, नंबर सांगत नाही, काही मंडळी अजून हयात आहेत. शाळा हिंदी, पण स्टाफरूममध्ये मराठीही भरपूर चालायची. हेडमास्तर दुबे सर. चौथीला लाखे गुरुजी, वर्ध्याकडचे, आवाज स्टील प्लांटच्या भोंग्यासारखा. पहिलीला साहू मॅडम, इथल्याच छत्तीसगढी. आणि पाचवीला वानखडे बाई, अमरावतीकडच्या, घर सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा दोरीने टांगलेला, तो वाजवणारा मी, किसन.

* * *

एके दिवशी रायपूरहून देवधर मॅडम आल्या. तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, वयाने लहान, चष्मा मोठा. पीएचडी करत होत्या. त्यांच्या हातात सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा होता, वर हिंदीत लिहिलेलं, 'गणित अध्यापन चिंता मापनी'.

आता ताप मोजतात, कापड मोजतात. मास्तरांची भीती मोजतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो!

मॅडमनी सगळ्यांना समजावलं. चाळीस वाक्यं आहेत. 'गणिताचा तास जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो', 'मुलाने "असं का?" विचारलं की मी त्याला खाली बसवतो', अशी. प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे. एक म्हणजे असं मला कधीच होत नाही, पाच म्हणजे नेहमी होतं. बेरीज जितकी जास्त, भीती तितकी जास्त. "आणि मुख्य म्हणजे, कृपया नाव लिहू नका. खरं लिहा, पण नाव लिहू नका."

मग लाखे गुरुजींनी हात वर केला. "ते ठीक आहे जी. पण सही कुठं करायची?"

मॅडम म्हणाल्या, सही नाही. गुरुजी म्हणाले, "बरं, सही नाही. पण पर्सनल नंबर तं टाकू ना?"

त्यांची चूक नव्हती. आमच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरची टाकी गळाली तरी अर्ज लागायचा. नाव, हुद्दा, नोकरीचा पर्सनल नंबर, आणि वर 'थ्रू प्रॉपर चॅनल'. बिननावाचा कागद म्हणजे बिनडोक्याचा माणूस! मॅडमची पाठ वळली तशी सगळ्यांनी सवयीने खाली नाव टाकलं, नंबर टाकला, सही ठोकली, आणि प्रॉपर चॅनलने सगळे कागद दुबे सरांच्या टेबलावर गेले. सरांनी एकेकावर शिक्का मारला, 'अग्रेषित एवं अनुशंसित'. म्हणजे पुढे पाठवला आहे आणि आमची शिफारस आहे!

मॅडम पाहतच राहिल्या. "सर, ये तो गुमनाम था!"

सर म्हणाले, "हाँ हाँ, गुमनाम है. मैंने सबके साइन चेक कर लिए हैं."

* * *

दुबे सरांनीही एक फॉर्म भरला, बरं का. कागदोपत्री पाचवीचं गणित त्यांच्याकडे होतं. प्रत्यक्षात ते वानखडे बाईंच्या गळ्यात होतं, कारण सरांना रोज त्याच तासाला 'मीटिंग' असायची. बाईंची नेमणूक भाषेसाठी, पण बोलणार कोण?

मॅडम स्टाफरूममध्ये आकड्यांचा अर्थ समजावत होत्या, तेव्हा सर ऑफिसात आधीच पेन उघडून बसले होते. पहिला फॉर्म हेडमास्तरचा पाहिजे ना! मी चहा घेऊन गेलो. सर म्हणाले, "किसन, पाँच में से देना है. कितना दूँ?"

मी म्हणालो, "सर, आप हेडमास्टर हैं. आप कम कैसे देंगे?"

सरांना पटलं. वाक्यं वाचायला वेळ कुठे? पाचाच्या रकान्यात वरून खालपर्यंत पट्टीने एकच उभी रेघ ओढली आणि शेवटी बाण काढला. खाली नाव, नंबर, सही. मग स्वतःचा फॉर्म स्वतःकडे आला म्हणून स्वतःच शिक्का मारला.

मी कप उचलला आणि निघालो. मी काय बोलणार? मी आठवी नापास!

* * *

बाकीच्यांनी फॉर्म कसे भरले तेही ऐका. वर्गात पोरगं शेजारच्याच्या वहीत डोकावलं तर पाठीत रट्टा घालणारे लाखे गुरुजी, त्यांनी फॉर्म असा भरला की सगळी स्टाफरूम त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. "गुरुजी, बारावं काय लिवलं?" "एक लिव. सगळ्याले एक लिव. आपल्याले कायची भीती?" आणि गुरुजींचा तळहात ज्या ठिकाणी टेकला होता तिथे कागद एवढा ओला झाला होता की बाराव्या वाक्याची शाई तेराव्यावर उतरली! ते तेरावं वाक्य काय होतं? 'गणित शिकवताना माझ्या हातांना घाम येतो.' गुरुजींनी त्यालाही एकच दिला.

साहू मॅडमची तऱ्हा वेगळी. त्या म्हणाल्या, "मोला काबर डर लागही?" मला कशाची भीती! आणि लाल पेन काढलं. चाळीस वाक्यांतल्या शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका गोल करून दुरुस्त केल्या, समासात 'अक्षर सुधारो' लिहिलं, आणि खाली फॉर्मला दहापैकी सात मार्क देऊन सही केली. देवधर मॅडमनी तो फॉर्म पाहिला आणि पहिल्यांदा लाजल्या.

एकट्या वानखडे बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या होत्या. एकेक वाक्य वाचायच्या, बाहेर पाहायच्या, मग टिक करायच्या. चार, पाच, पाच, चार. मी म्हणालो, "बाई, कावून एवढं खरं लिहून राहिल्या? गुरुजींचं उतरवा ना!"

बाई म्हणाल्या, "मॅडम म्हणल्या ना जी, खरं लिहा म्हणून."

एवढ्या मोठ्या शाळेत एकीनेच सूचना नीट ऐकली!

* * *

खरं सांगू? मॅडमना त्या गठ्ठ्याची गरजच नव्हती. मापनी माझ्याकडे होती. पाण्याचा ग्लास!

भाषेच्या तासाला लाखे गुरुजी एक ग्लास पाणी मागवायचे. भूगोलाला एक. गणिताला तीन. आणि 'काम और समय' आलं, सहा मजूर भिंत किती दिवसांत बांधतील वगैरे, की पाच! पाचव्या ग्लासाला मी समजून जायचो की पोरांनी काहीतरी विचारलंय. वाघासारखा माणूस, पण सहा मजुरांनी त्याला घेरलेलं!

हे मी देवधर मॅडमना सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "किसनभाऊ, याला तर संदर्भ म्हणून तुमचं नाव द्यावं लागेल."

मी म्हणालो, "द्या ना. पर्सनल नंबरही सांगतो."

वानखडे बाईंची मापनी दुसरी होती. त्या पाणी मागवत नसत, घंटा मागवत. अपूर्णांकाचा धडा, तिकडच्या पुस्तकात त्याला 'भिन्न' म्हणतात, तो सुरू झाला की तासाआधी माझ्याजवळून जाताना हळूच म्हणायच्या, "भाऊ, आज जरासा लवकर." मी पाच मिनिटं आधी टोला हाणायचो. सगळी शाळा पाच मिनिटं आधी सुटायची आणि कोणाची तक्रार नाही. यावरून समजा, भीती कोणाकोणाला होती!

* * *

आता माझा गुन्हा सांगतो.

फॉर्म भरून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे चहा पीत बसले होते. मी केटली ठेवता ठेवता लाखे गुरुजींना सहज विचारलं, "गुरुजी, नंदिनीची बस किती वाजता सुटते हो?"

"कावून रे? तुले कायले पाहिजे नंदिनीची बस?"

"मले नाही जी. ते कागद भरले ना तुम्ही, त्याच्यावरून... जाऊ द्या. मी काय सांगू? मी चपराशी माणूस."

बस! एवढंच. पुढचं काम स्टाफरूमने स्वतः केलं. दुपारपर्यंत बातमी पक्की झाली की ज्याची भीती सगळ्यात जास्त निघेल त्याची बदली नंदिनी नगरला, खाणीच्या शाळेत. नंदिनी काही वाईट जागा नव्हती. चुनखडीची खाण, टुमदार टाउनशिप, हवा मोकळी. पण दूर. सकाळी अंधारात बस, परतायला दुपारचे तीन. लाखे गुरुजी संध्याकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "किसन, मी सगळ्याले एकच लिवलं ना रे? तू पाहिलं ना?"

मी म्हणालो, "पाहिलं जी. पण कागद ओला होता."

गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत! मी आणि माझी बायको मात्र हसून हसून पोटभर जेवलो.

* * *

दुबे सर याच सुमारास प्लांटच्या सेफ्टी वीकला जाऊन आले. तिथे गेटवर मोठा बोर्ड असतो, 'दुर्घटना-रहित दिवस' आणि पुढे आकडा. सरांना तो फार आवडला. परत आल्या आल्या पेंटरला बोलावलं आणि शाळेच्या दारात निळा बोर्ड लागला, 'गणित-चिंता-रहित दिवस'. पुढे एक काळा चौकोन, त्यात रोज खडूने आकडा लिहायचं काम माझं.

एक, दोन, तीन, चार. सर खूश. येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांना दाखवायचे, "देखिए, चार दिन से हमारे यहाँ कोई चिंता नहीं है."

पाचव्या दिवशी लाखे गुरुजींनी भिंत बांधायला घेतली. एका पोरीने विचारलं, "गुरुजी, दीवार में दरवाज़ा है कि नहीं? मजदूर बाहर कैसे आएँगे?" आतून आवाज आला, "किसन, पाणी!" मग परत पाणी. मग परत. पाचवा ग्लास देऊन मी सरळ दारात गेलो, चार पुसलं आणि शून्य काढलं.

सर धावत आले. "ये क्या हुआ?"

मी म्हणालो, "दुर्घटना, सर."

"किसको?"

"लाखे गुरुजी. चोट मामूली है, पी रहे हैं."

* * *

मग देवधर मॅडम म्हणाल्या, नुसत्या कागदावर भागणार नाही, प्रत्येकाचा एक तास मागे बसून पाहावा लागेल. चिठ्ठ्या टाकल्या. वानखडे बाईंच्या वाट्याला नेमका अपूर्णांक आला.

बाई त्या दिवशी माझ्याजवळून गेल्या तेव्हा नुसतं पाहिलं. मी मान डोलावली. पण हातोडा उचलायला गेलो तर हातोडा जाग्यावर नाही! पाहुण्या मॅडम आल्या म्हणून दुबे सर स्वतः घड्याळ आणि हातोडा घेऊन रुळासमोर उभे. "आज घंटी मैं बजाऊँगा. सही टाइम पर."

मी पाण्याच्या निमित्ताने पाचवीच्या दारात जाऊन उभा राहिलो. फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. बाईंनी खाली दोन पंचमांश लिहिलं. पुसलं. परत तेच लिहिलं. परत पुसलं. खडू तुटला. मागे मॅडम वही उघडून बसलेल्या.

बाई वळल्या आणि पोरांना म्हणाल्या, "बच्चो, सच बोलूँ? इससे मुझे भी डर लगता है."

मी डोळे मिटून घेतले. गेली बाईंची नोकरी!

पहिल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. मोठ्या प्रेमाने म्हणाली, "डरो मत बहनजी. किसन भैया को बोल देते हैं, घंटी बजा देंगे. हमेशा तो बजाते हैं!"

देवधर मॅडमनी वहीतून मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी ग्लासात पाहू लागलो. बाई आधी लाल झाल्या, मग त्यांना हसू फुटलं, मग सगळा वर्ग हसला. हसता हसता त्यांनी डब्यातल्या दोन पोळ्या काढल्या. एकीचे दोन भाग केले, दुसरीचे तीन, आणि पोरांना म्हणाल्या, "अब आओ, तुम ही बताओ, इनको जोड़ें कैसे?" पोरं टेबलाभोवती. "बहनजी, टुकड़े बराबर नहीं हैं!" "तो बराबर करो!" अर्ध्याचे तीन तुकडे, तिसऱ्या भागाचे दोन. सगळे सारखे, एकेक पोळीचा सहावा हिस्सा. तीन आणि दोन, पाच. पाच षष्ठांश! बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच टाळी वाजवली.

तेवढ्यात सरांनी टोला हाणला. बाई दाराकडे हात करून ओरडल्या, "रुको जी! अभी एक और करना है!"

त्या रुळाला इतक्या वर्षांत 'थांब' म्हणणाऱ्या त्या पहिल्या.

* * *

आणि त्याच आठवड्यात प्लांटच्या शिक्षण विभागाच्या ऑफिसचा कागद आला. नंदिनीच्या शाळेत एक शिक्षक कमी आहे, तुमच्याकडून एक नाव पाठवा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी हवेत सोडलेला बाण खरोखरचं टपाल होऊन परत आला होता! त्यात दुबे सरांनी माझीच अफवा ऐकलेली. त्यांना ती एवढी आवडली की त्यांनी तो स्वतःचा विचार समजून नोटीस बोर्डावर लावला. 'जिनकी चिंता सर्वाधिक पाई जाएगी, उनका नाम नंदिनी हेतु भेजा जाएगा.' खाली सही, शिक्का. वर एक प्रत ऑफिसलाही रवाना.

वानखडे बाई नोटीस वाचून माझ्या स्टुलापाशी आल्या. त्यांचे सासरे अंगावरून वारं गेल्यामुळे दोन वर्षं खाटेवर होते. मालक प्लांटच्या कोक ओव्हन भट्टीवर, शिफ्ट ड्युटी. मधल्या सुट्टीत बाई सायकलने घरी जायच्या, सासऱ्यांना दोन घास भरवायच्या आणि घंटेच्या आत परत यायच्या. नंदिनीहून कोण येणार भरवायला?

"भाऊ," बाई म्हणाल्या, "माह्या फॉर्मवर सगळे चार अन् पाच आहेत. मीच लिवले. आता बाबांले कोण जेवू घालीन?"

मी म्हणालो, "बाई, ते नंदिनीचं मी गंमतीत म्हणलं होतं."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमची गंमत, अन् माही बदली." आणि वर्गावर गेल्या. त्या दिवशी मी टोला हाणला तर आवाजही नीट निघेना.

संध्याकाळी देवधर मॅडम रायपूरची गाडी पकडायला निघाल्या होत्या. मी त्यांच्या आडवा झालो. सगळं सांगितलं, बस विचारल्यापासून. मॅडम भडकल्या. "मी हे कोणाला शिक्षा करायला केलं नाही! मी सरांना बेरीज देणारच नाही." मी म्हणालो, "नका देऊ जी. पण देण्याआधी, नाही म्हणजे नाही देण्याआधी, सगळे फॉर्म एकदा पाहून तर घ्या. सरांचाही आहे त्यात."

मॅडम तिथेच बाकावर बसल्या. गठ्ठा सोडला. एकेक कागद उलटत गेल्या आणि मध्येच थांबल्या. तो कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. चष्मा काढून पुसला. परत पाहिला.

मग म्हणाल्या, "किसनभाऊ, बेरीज द्यायला माझी काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी नाव ठरवायला शिक्षण विभागाचे साहेब जीपने आले. दुबे सरांनी सगळ्या स्टाफला ऑफिसात उभं केलं. वानखडे बाई दाराजवळ, पदराचं टोक मुठीत. लाखे गुरुजी कपाटाच्या आड. साहू मॅडम हातात लाल पेन घेऊन, का ते देव जाणे. सर साहेबांना सांगत होते, "सर, ये पूरा साइंटिफिक तरीका है. इसमें पक्षपात हो ही नहीं सकता. जिसका टोटल सबसे ऊपर, वही नंदिनी जाएगा. चाहे कोई भी हो!"

साहेब म्हणाले, "बहुत अच्छा. कोई भी हो?"

"कोई भी हो, सर! नियम मतलब नियम."

देवधर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मैं नाम नहीं पढ़ूँगी. सबसे ज़्यादा टोटल वाला फॉर्म सीधे साहब को दे देती हूँ." आणि एक कागद टेबलावर ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. "चालीस सवाल... दो सौ में..." थांबले. "दो सौ में दो सौ?" त्यांनी कागद आडवा धरला, उभा धरला. "ये तो एक ही लाइन है. ऊपर से नीचे तक. आखिर में तीर भी बना है!"

दुबे सर मान हलवत हळहळले. "च् च् च्. बेचारा. कौन है, सर?"

साहेबांनी सही वाचली. पर्सनल नंबर वाचला. मग शिक्का वाचला, मोठ्याने, एकेक अक्षर. "अग्रेषित... एवं... अनुशंसित." आणि कागद सरांच्या दिशेने फिरवून ठेवला.

सर वाकले.

घड्याळात मधल्या सुट्टीची वेळ झाली होती. मी बाहेर जाऊन घंटा दिली, अगदी बरोबर टायमावर. वानखडे बाई सगळ्यांच्या आधी निघाल्या, सायकल काढली आणि डबा दांडीला अडकवून सेक्टर दहाकडे गेल्या. मी दारातल्या बोर्डावरचा आकडा पुसला, शून्य काढलं, आणि पाण्याचा ग्लास घेऊन ऑफिसात परत आलो.

सरांनी तो एका दमात संपवला. मी दुसरा आणला. तिसरा आणला. चौथ्याला साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. पाचवा ग्लास हातात घेऊन दुबे सरांनी मला जवळ बोलावलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं,

"किसन, वो नंदिनी की बस कितने बजे छूटती है?"